मागून मारलेली हाक

नवरात्र जवळ आलं की मला धडकी भरते. आता वय झालं, तरी भरते. बाहेर ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत असतं, आमच्या नाशकात कालिकेच्या जत्रेचे पाळणे उभे राहतात, द्राक्षबागांच्या छाटणीसाठी पेठ-सुरगाण्याकडून माणसं टेम्पो भरभरून उतरतात, रविवार कारंज्यापाशी झेंडूच्या गाड्या लागतात. सगळं गाव खुशीत असतं, आणि मी मात्र समोर येईल त्याच्या हातांकडे बघत असते. भाजीवाल्याच्या, दूधवाल्याच्या, बसमध्ये तिकीट देणाऱ्याच्या. बोटं जागच्या जागी आहेत ना, एवढंच. सून म्हणते, आई, तुम्ही माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाही, समोरच्याला कसंतरीच होतं. तिचं बरोबर आहे. पण एकदा जडलेली खोड अशी सांगून सुटत नाही.

भित्री तर मी जन्माचीच. गॅस बंद केलाय का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणारी. रस्ता ओलांडताना परक्या माणसाचा सदरा धरणारी. अशा बाईच्या नावावर एक कारखाना झाला, ही आमच्या घरातली मोठीच गंमत होती. आमचे हे सातपूरला एका बड्या कंपनीत फोरमन होते. नोकरी पक्की, पण यांच्या डोक्यात किडा होता स्वतःचं काहीतरी काढायचा. कंपनीच्या माणसाला बाहेर धंदा करायची बंदी, म्हणून कर्ज माझ्या नावावर, प्लॉट माझ्या नावावर, पाटीवरही माझंच नाव. त्या काळात नाशकात असे कितीतरी कारखाने बायकांच्या नावावर होते. बाई सही करायची आणि परत पोळ्या लाटायला लागायची. मलाही वाटलं, आपलंही तसंच. पण यांना रजा मिळेना, आणि शेडवर कुणीतरी बसायला हवं होतं. तू नुसती बस गं, बाकी सगळं मी बघतो, असं म्हणून यांनी मला अंबडच्या नव्या एमआयडीसीत नेऊन बसवलं. अजून कशाला उठतेय मी तिथून.

अंबड म्हणजे तेव्हा नुसता मुरूम आणि बाभळी. आखलेले प्लॉट, त्यांचे पांढरे दगड, मधूनच एखादी अर्धवट उभी भिंत. वारा सुटला की दातात खडी यायची. बसमधून उतरून बरंच चालायचं, वाटेत एक चहाची टपरी, आणि मग आमची पत्र्याची शेड. दुपारी पत्रा इतका तापायचा की वर बसलेला कावळाही पाय बदलत बसायचा. त्या शेडच्या मध्यभागी एके दिवशी क्रेनने आणून तो उभा केला. प्रेस.

प्रेस म्हणजे छापखान्यातला नव्हे. हा धातूची पट्टी कापणारा. माणसापेक्षा उंच, वर मोठं चाक फिरतंय, मध्ये एक लोखंडी ठोकळा, त्याच्या खाली साचा. पितळेची पट्टी हाताने साच्यात सरकवायची, पायाने पेडल दाबायचं, ठोकळा खाली येतो, धप्प, आणि विजेच्या बटणाच्या आत बसते तसली नखाएवढी पट्टी कापून खाली पडते. मग परत हात आत, परत पाय खाली. दिवसभर हेच. हात आणि पाय यांची एकदा चुकामूक झाली की संपलं. यांना त्या प्रेसचं केवढं कौतुक. माझी भीती जावी म्हणून यांनी काय करावं, तर माझ्याच पिशवीतली एक भेंडी काढली, साच्यावर ठेवली आणि पेडल दाबलं. माझी भीती कसली जातेय. त्या आठवड्यात मी भेंडी आणली नाही आणि चिरलीही नाही.

काम ठरलेलं होतं. बटणं बनवणाऱ्या एका कंपनीने सांगितलं होतं, दिवाळीच्या आत नमुन्याचा माल द्या, पसंत पडला तर वर्षाचं काम तुमचं. नाही दिला तर दुसरा कुणी तयारच होता. म्हणजे दसऱ्याला प्रेस सुरू व्हायलाच हवा होता, आणि त्यासाठी माणसं हवी होती. माणसं निवडायची कुणी? तर जी शेडवर बसते तिने. यांनी मला एकच गोष्ट शिकवली. आधी हात बघ. सातपूरला सगळे फोरमन तेच करतात म्हणे. प्रेसवर काम केलंय असं सांगणाऱ्याची दहाच्या दहा बोटं शाबूत असतील तर माणूस सावध आहे, घ्यायचा. कमी असतील तर चहा पाजून वाटेला लावायचा.

मग घटस्थापनेपासून आमच्या शेडवर माणसं यायला लागली. आणि काय सांगू, मला विचारावंच लागायचं नाही. आत आल्या आल्या, नावसुद्धा सांगायच्या आधी, ती माणसं आपणहून दोन्ही हात पुढे करायची. शाळेत बाई नखं तपासायच्या तेव्हा आम्ही करायचो तसे. पंजे उलटे, मग सुलटे. कुणाच्या हाताला कांद्याच्या गोण्यांचे घट्टे, लासलगावला हमाली केलेली. कुणाच्या बोटांना द्राक्षाच्या कात्रीचे चरे. एक पेठकडचा अबोल माणूस हात पुढे करून इतका वेळ उभा राहिला की मलाच रडू फुटायची वेळ आली. त्याला म्हटलं, भाऊ, खाली करा हात. पलीकडच्या प्लॉटवरचा राखणदार हसून विचारायचा, वहिनी, भविष्य बघता का हो तुम्ही? त्या माणसाला काय माहीत, मी खरंच तेच बघत होते. हे हात आज असे दिसतात, माझ्याकडे आल्यावर पुढच्या नवरात्रात कसे दिसतील? यातलं कुठलं बोट माझ्या नशिबात आहे? असले विचार डोक्यात आणि हातात चहाची किटली. घरी आल्यावर भात कालवताना यांच्या, मुलाच्या, माझ्या स्वतःच्या बोटांकडे बघत बसायची. जेवण जायचं नाही.

प्रकाश आला तेव्हा हे योगायोगाने शेडवर होते. निफाडकडचा तरणाबांड मुलगा, आयटीआय झालेला, केसांना तेल, शर्टाला इस्त्री. दहाही बोटं आणि तोंडावर हसू. यांनी त्याला पट्टी सरकवून दाखवायला सांगितलं, तर काय त्याची चपळाई. हे खूश. प्रकाश, असं नुसतं म्हणायचा अवकाश, जी साहेब, करत हजर. यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे हाच आपला प्रेसचा माणूस. मला तो आवडला नाही असं नाही. गोडच होता. पण ते हात इतके भराभर आतबाहेर होताना बघून माझ्या कपाळावर घाम आला. मी म्हटलं, दोन दिवस थांबू या.

आणि मग वामनराव आले. सिन्नरकडचे, पन्नाशीच्या आसपासचे, डोक्याला टोपी. त्यांनी हात पुढे केले नाहीत. उजवा हात धोतराच्या सोग्यात लपवायचा प्रयत्नही केला नाही. समोर उभे राहिले आणि म्हणाले, वहिनी, मी प्रेसवर लय वर्षं काढली, पण दोन बोटं नाहीत, आधीच सांगतो, मागून तुमचा वेळ जायला नको. यांच्या नियमाप्रमाणे मी चहा पाजून त्यांना वाटेला लावायला हवं होतं. चहा टाकलाही. पण भित्र्या माणसाला एक वाईट सवय असते, जिथे दुखतं तिथेच बोट लावून बघायचं. मी विचारलं, कसं झालं हो?

त्यांनी सांगितलं ते अगदी साधं होतं. दारू नाही, झोप नाही, यंत्रात बिघाड नाही. मुंबईकडे एका छोट्या कारखान्यात ते प्रेसवर बसले होते. पाय पेडलवर गेला होता, हात बाहेर येत होता, आणि मागून मालकाने हाक मारली. वामनराव. त्यांनी मान वळवली. बस, एवढंच.

"मालक वाईट नव्हता हो वहिनी," ते म्हणाले. "जेवायला बोलवत होता."

 चहा उतू गेला तेव्हा भानावर आले. दोष द्यायला कुणीतरी असतं तर मला बरं वाटलं असतं. मग मी म्हटलं असतं, आपण तसं वागायचं नाही, झालं. पण इथे होतं काय, तर एका माणसाने दुसऱ्याला जेवायला हाक मारली. आपण दिवसभर दुसरं करतो काय? आमच्या आईने आम्हाला शिकवलं होतं, मोठ्यांनी हाक मारली की हातातलं काम टाकून ओ द्यायची. एका हाकेला ओ दिली नाही तर पाठीत धपाटा. असल्या घरांतून आलेली माणसं मी त्या प्रेसवर बसवणार होते. जितकी वळणाची, जितकी नम्र, तितकी चटकन मान वळवणारी.

मी यांना न विचारता वामनरावांना ठेवून घेतलं. घरी केवढा गहजब झाला. नव्या मशिनीला अपुऱ्या हाताचा माणूस, दसऱ्याच्या तोंडावर, तुला काही कळतं का? मी म्हटलं, नाही कळत, म्हणून तर घेतलं. यांना वाटलं मी उलट बोलले. मी खरंच सांगत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी हात बघून माणूस निवडणं सोडलं. येणाऱ्याला एका स्टुलावर बसवायची, पुढ्यात पितळेच्या तुकड्यांचा ढीग टाकायची आणि चांगले-वाईट वेगळे करायला सांगायची. माणूस कामात गुंतला की मी हळूच मागे जायची आणि नावाने हाक मारायची. वामनराव कोपऱ्यात बसून नुसते बघायचे. सगळे वळायचे. कुणी ओ म्हणायचं, कुणी जी, कुणी उठूनच उभं राहायचं. तो पेठकडचा माणूस परत आला होता. माझी हाक ऐकून त्याने हातातले तुकडे घाईघाईने खाली ठेवले, उभा राहिला आणि काही चुकलं का बाई, असं इतक्या कळवळून विचारलं की मी आतल्या आत मेले. त्याला नाही म्हणताना माझ्याच्याने त्याच्याकडे बघवलं नाही. का नाही म्हणतेय हे सांगणार तरी कसं? तुम्ही फार चांगले आहात, म्हणून नको?

प्रकाश तर हाक पूर्ण व्हायच्या आत वळला. प्र म्हटलं की काश तो स्वतःच घेऊन आला. हे त्या दिवशी समोरच होते. बघ, कसा तल्लख आहे, म्हणाले. मी खांबाला धरून उभी होते.

सप्तमीच्या दिवशी कमल आली. पंचविशीची असेल. नाशकातच, बौद्ध वस्तीतल्या एका चाळीत राहायची, आजवर बिड्या वळायची. घरी आजारी सासू, एक लहान मुलगी, नवरा हंगामी कामावर. म्हणजे घर तिच्या हातांवर. तिने ते हात पुढे केलेच, सगळ्यांसारखे. लांबसडक, नीट, तंबाखूचा वास असलेले. मी तिला बसवलं आणि मागे गेले. हाक मारली. कमल. तिने पाहिलं नाही. मी परत मारली, जरा मोठ्याने. बाईची मान जराही हलली नाही. हे त्या दिवशीही शेडवर होते, न राहवून यांनीही मारली, पुरुषी आवाजात, दरडावून. ती हातातले तुकडे एकेक करून ठेवत राहिली. मूठ रिकामी झाली, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि मग वळून म्हणाली, काय म्हणता?

हे म्हणाले, ऐकू येत नाही का? ती म्हणाली, येतं की. पण बिडी अर्धी वळलेली असताना इकडेतिकडे बघितलं की तंबाखू सांडते, बिडी वाया जाते, आणि मुकादम तेवढे पैसे कापतो. हाक काय, माणूस परत मारतो. ती उद्धटपणे बोलली नाही. पण यांच्या कानाला ते उद्धटच लागलं. मालकाने तीनदा हाक मारावी आणि कामगाराने बघू नये, असला कारखाना यांनी पाहिलेला नव्हता. मी मात्र त्या मुलीकडे बघत राहिले, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं जरासं हललं. जरासंच. कारण लगेच दुसरी भीती येऊन बसली. आता ही खरंच प्रेसवर बसणार. आता त्या भीतीला चेहरा आला होता, नाव होतं, आणि घरी एक लहान मुलगी होती.

त्या संध्याकाळी आमचं घरात मोठं भांडण झालं. यांचं म्हणणं, प्रेसवर प्रकाशच बसणार, दिवाळी तोंडावर आहे, या बाईला शिकवत बसायला वेळ कुठे आहे? सगळी वर्षं मी यांच्यापुढे मान खाली घातलेली. पण भीतीने माणूस कधी कधी धीट होतो, तसं झालं. मी म्हटलं, पाटीवर नाव माझं आहे, उद्या प्रकाशला काही झालं आणि पोलीस आले तर माझ्याकडे येतील, आणि त्याची आई आली तर तीही माझ्याकडेच येईल.  शेवटी ठरलं, प्रेसवर कमल, शिकवायला वामनराव, आणि प्रकाश माल आणायला-पोचवायला आणि तुकडे घासून साफ करायला. प्रकाशचं तोंड पडलं. पडू दे, म्हटलं.

खंडेनवमीला पूजा झाली. सगळ्या कारखान्यांत होते तशीच. आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून प्रेस पुसून लख्ख केला, त्यात कमलचा हात सगळ्यात जास्त होता. पूजेला ती बाजूला उभी राहिली. तिने कुंकू लावलं नाही, आम्हीही लाव म्हटलं नाही. प्रसादाचा पेढा घेतला आणि म्हणाली, उद्या मी नाही येणार, दसऱ्याला आमचा मोठा दिवस असतो, पांढरी साडी नेसून सगळे जमतो. यांना परत राग आला, मुहूर्त दसऱ्याचा होता. वामनराव म्हणाले, साहेब, मशीन नवमीपासून विसाव्याला ठेवायचंच असतं, एक दिवस आणखी विसावलं तर काय बिघडतं. त्यामुळे प्रेस सुरू झाला तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

तो दिवस अजून जसाच्या तसा आठवतो. सकाळचं ऊन तिरपं शेडमध्ये आलेलं. प्रेसच्या वरच्या अंगाला पूजेचा झेंडूचा हार, दोन दिवसांत मलूल झालेला. वामनराव म्हणाले होते, तो काढू या. पण पूजेचा हार आपल्या हाताने उतरवायचा नसतो, आपोआप सुकून जाऊ द्यायचा असतो, निदान पहिल्या दिवशी तरी असू दे, असं हे म्हणाले. घरोघरी तसंच करतात, म्हणून कुणी हट्ट धरला नाही. मी हार वर सरकवून नीट बांधला. हो, मीच बांधला. कमल स्टुलावर बसली. वामनराव तिच्या शेजारी. हे बटणापाशी. प्रकाश दाराशी. मी मागे, भिंतीला पाठ लावून.

चाक फिरायला लागलं. धप्प. तुकडा पडला. धप्प. यांनी टाळी वाजवायला हात उचलले, पण वामनरावांनी डोळ्यांनीच थांबवलं. कमलच्या हातांना हळूहळू लय येऊ लागली. हात आत, हात बाहेर, पाय. मी तिच्या हातांकडे बघत होते. आणि त्या हादऱ्यांनी हाराचा दोरा सुटला. हाराचं एक टोक घसरून खाली आलं, साच्याच्या अगदी तोंडाशी, झेंडूची फुलं लोंबायला लागली. कमलचा डावा हात ती फुलं बाजूला करायला आत गेला. तिचा पाय मला दिसत नव्हता. साडीच्या निऱ्यांखाली होता. तो पेडलवर आहे की खाली आहे, मला कळत नव्हतं.

मी ओरडले. कमल. जीव खाऊन ओरडले.

हाक तोंडातून बाहेर पडली आणि त्याच क्षणी मला कळलं आपण काय केलं ते. इतके दिवस ज्या एका गोष्टीसाठी माणसं नाकारली, घरात भांडले, तीच गोष्ट मी केली होती. मागून. नावाने. आता शब्द परत कसा घेणार? मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण त्याचा काय उपयोग. मी डोळे मिटून घेतले. धप्प असा आवाज येईल, मग दुसरा कसला तरी आवाज येईल, असं वाटून कानांत नुसती घंटा वाजत होती.

आवाज आला नाही. डोळे उघडले तेव्हा कमलची पाठ माझ्याकडेच होती. तिने फुलं बाजूला केली, हात बाहेर घेतला, दुसरा हात बाहेर घेतला, दोन्ही मांडीवर ठेवले. पाय केव्हाच पेडलवरून काढून स्टुलाच्या दांडीवर ठेवलेला होता. मग ती वळली. काय झालं वहिनी, म्हणाली. माझा चेहरा बघून तिला कळलं असावं. वामनरावांनी बटण बंद केलं, हार ओढून काढला आणि घडी करून कोनाड्यात ठेवला.  

बाहेर बाभळीखाली बसून मी खूप रडले. थोड्या वेळाने कमल पाण्याचा तांब्या घेऊन आली. शेजारी मुरमावर बसली. तिला काहीच झालं नव्हतं, आणि रडत मी होते. मी तिला म्हटलं, बरं झालं गं, तुला माझी हाक ऐकू आली नाही.

"आली की," ती म्हणाली. "पण आज तुम्ही मला परक्या आहात, वहिनी. परक्याची हाक मागे टाकता येते. उद्या ओळख झाल्यावर मारू नका. एखाद्या दिवशी मी बघीन."

त्यानंतर प्रेस चालू असताना मी आत पाऊल ठेवलं नाही. वामनरावांनी सांगायच्या आधीच मी माझी खुर्ची बाहेरच्या पडवीत नेली. स्वतःच्याच कारखान्यात बाहेर बसणारी मालकीण सगळ्या अंबडमध्ये मी एकटीच असेन. नमुने वेळेत गेले, पसंत पडले, काम मिळालं. पुढे प्रेसला जाळी बसली, पट्टी सरकवायला चिमटे आले, दुसरा प्रेस आला, हे नोकरी सोडून इथेच यायला लागले. लोकांना आमचं बरं चाललंय असं दिसत होतं, आणि चाललंही होतं. मी मात्र पडवीत बसून धप्प धप्प ऐकत असायची. आवाज चालू असला तरी भीती, आणि थांबला तर जास्तच. थांबला की दाराकडे बघायची. कुणीतरी पाणी प्यायला बाहेर यायचं आणि माझ्याकडे बघून हसायचं. मग श्वास सुटायचा. अशी दिवसातून कितीदा तरी मी मरायची आणि उठून बसायची.

आणि मी कमलला हाक मारली नाही. प्रेसवर असताना नाही, नसतानाही नाही. जेवायच्या सुट्टीत नाही, रस्त्यात नाही. काही सांगायचं असलं तर उठून तिच्यासमोर जाऊन उभी राहायची. माझा आवाज तिच्या नावाशी जोडलाच जाऊ नये, असं मला वाटायचं. लोक म्हणायचे, मालकीणबाई गर्विष्ठ आहेत, कामगारांचं नाव घेत नाहीत. म्हणोत बापडे. ओळख तर दिवसेंदिवस वाढतच होती. तिच्या मुलीची पुस्तकं, सासूचं दुखणं, माझ्या गुडघ्याचं तेल, दर दसऱ्याला तिची पांढरी साडी बघायला माझं थांबून राहणं. जितकी ती जवळची होत गेली, तितकी मी जास्त गप्प झाले. परकं राहता आलं असतं तर किती सोपं होतं.

काही वर्षांनी तिच्या नवऱ्याला पुण्याकडे कायमची नोकरी लागली. कमलने सांगितलं तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण त्याच्या आधी वाटलं ते असं, की सुटले. तिची बोटं सगळी घेऊन ती चालली. शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांना नमस्कार केला, वामनरावांच्या पाया पडली, माझा हात हातात धरून ठेवला आणि निघाली. ती वळणापर्यंत गेली असेल, आणि माझ्या लक्षात आलं, तिच्या मुलीसाठी आणलेलं फ्रॉकचं कापड माझ्याच खुर्चीवर राहिलंय. मी पिशवी घेऊन धावत सुटले. गुडघे दुखत होते, मुरमावर चपला घसरत होत्या. नुसती हाक मारली असती तर ती थांबली असती. तोंड उघडलंही, पण आवाज फुटेना. शेवटी धापा टाकत तिला मागे टाकून पुढे गेले आणि समोर उभी राहिले.

तिने माझा अवतार पाहिला आणि हसायला लागली. मग हसायची थांबली. इतक्या वर्षांत तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण तिला माहीत होतं. पिशवी घेऊन तिने खांद्याला अडकवली, दोन्ही मोकळे हात मला दाखवले.

"आता मारा वहिनी," ती म्हणाली. "मी पुढं चालते. एकदा मारा."

ती चालायला लागली. मी तिला थोडं लांब जाऊ दिलं.  मग मी हाक मारली, फार मोठ्याने नाही, वाऱ्यात विरून जाईल इतपतच. कमल.

ती वळली. हाक पुरी व्हायच्या आत, अंगात कुठे थांबणं म्हणून नाही, मान, खांदे, हात, सगळीच्या सगळी माझ्याकडे वळली, आणि इतक्या चटकन वळली की माझे हातपाय गार पडले.